सेहरा बांधून अडवलेला गोल

माझ्या निकाहाची वेळ झाली तेव्हा मांडवात मी सोडून एकही पुरुष नव्हता. काझी नव्हते, साक्षीदार नव्हते, मुलीचे वडीलही नव्हते. सगळे फुटबॉल बघायला गेले होते.

साठच्या दशकातलं दुबई ते. तिथे एक बोस्नियाचा माणूस आला होता. मायदेशी नावाजलेला खेळाडू, आता इथल्या संघाचा कोच. भेटेल त्याला ‘हबीबी’ म्हणून मिठी मारायचा. झालं! खाडीतले नाववाले त्याला फुकट पलीकडे नेऊ लागले, न्हावी त्याच्यासाठी नवा वस्तरा काढू लागला (माझ्या नशिबी जुनाच). माझे होणारे सासरे कादरमामू मूळचे रत्नागिरीचे, दुबईत त्यांचं किराण्याचं दुकान. ते तर असे भारावले की गिऱ्हाईक जिरं मागायचं आणि मामू त्याला पेनल्टी समजावून सांगायचे.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "बाबा, आता तूच जाऊन त्यांना घेऊन ये. पण सेहरा काढू नको हां, अपशकुन होतो."

तोंडावर फुलांची झालर घेऊन मी वाळूतून निघालो. दिसत होते फक्त माझे बूट. आरडाओरडा ऐकू आला तसा मी "मामू, काझीसाहेब" असं पुकारत आवाजाच्या दिशेने सरकत राहिलो. मैदानाला कुंपण नव्हतं. आपण गोलसमोर उभे आहोत हे मला कळलं ते चेंडू कपाळावर बसल्यावर! मोगरा चहूकडे उधळला, मी आडवा झालो, आणि कोचच्या संघाचा अगदी शेवटच्या क्षणी हमखास होणारा गोल हुकला.

सगळं मैदान हसत होतं. मामू हसत नव्हते.

"हा माझा जावई? खलास. लग्न कॅन्सल."

"मामू, मला दिसत नव्हतं हो."

"मग आंधळ्याला तर मुलगी मुळीच देणार नाही."

मी रडकुंडीला आलो. मुलगी मला मनापासून आवडली होती, आणि ती तिकडे मेंदी लावून बसली होती. तेवढ्यात कोच धावत आला. त्याने मला उठवलं, माझं कपाळ तपासलं आणि मोडक्या हिंदीत मामूंना म्हणाला, "हबीबी, मेरा गोलकीपर आँख खोल के नहीं रोकता. ये आँख बंद कर के रोका. बहुत अच्छा लडका."

मामूंचा चेहरा उजळला. माझी नोकरी, माझं खानदान, माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट, यातल्या कशानेही तो कधी असा उजळला नव्हता.

"काझीसाहेब, बघत काय बसलात? यल्ला, चला, निकाह पढवा."

कोचसकट अख्खा संघ वरातीत आला. बिर्याणी त्यांनी फस्त केली, पण माझा निकाह झाला.

पुढच्या शुक्रवारी मामूंच्या आग्रहाखातर कोचने मला खरंच गोलमध्ये उभं केलं. डोळे टक्क उघडे ठेवून मी सहा गोल खाल्ले. परतताना वाटेत काझीसाहेब भेटले, तेव्हा मामू त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "निकाह परत घेता येतो का हो?"