चांदन खालाला बसवलं, त्याची गोष्ट

चांदन खाला चालता चालता सूत काढायची. काखेत कापसाची पुरचुंडी, हातातून लोंबणारी टकळी आणि पायाखाली अख्खं बदायूं शहर. कोणाची सून रुसली, कोणत्या शिपायाने दाढी रंगवली, सगळं तिच्याकडे ताजं असे. आमच्या विणकरांच्या गल्लीत तिच्यावाचून लग्न जमत नसे. मोडतही नसे.

तिचा मुलगा बुद्धन गल्लीतला सर्वांत आळशी विणकर. आळसाला कारण भक्कम होतं: सूत संपलंय. टकळीवर दिवसभरात निघतं किती? तेवढं विणून तो दुपारी सरायत सोंगट्या खेळायला मोकळा. पण खाला तिथूनही जायची आणि तो हरल्याची बातमी त्याच्या आधी त्याच्या बायकोला पोचायची.

मग मुलतानहून आलेल्या सुताराने चरखा केला. असलं चाक आम्ही तोवर पाहिलं नव्हतं. बुद्धनने तो उचलून घरी आणला. त्याच सुमारास खतीबसाहेबांनी मशिदीत जुम्म्याच्या प्रवचनात सांगितलं, की बाईची जागा चरख्याशी. आम्ही पुरुषांनी माना डोलावल्या.

"अम्मा, आता बसायचं. पाय दुखायचे नाहीत."

"माझे पाय कधी दुखले?"

"माझे कान दुखतात."

खाला बसली. पण चाक कुरकुरलं, तेलासाठी ती तेल्याकडे गेली. चाक फिरवणारी दोरी, म्हणजे माळ, सैल झाली, पिंजाऱ्याकडे गेली. दोन्ही वेळा दिवेलागणीला परतली. शेवटी बुद्धनने तेलाचं मडकं आणि माळांची गुंडाळी आणून तिच्यापुढे ठेवली.

तेव्हा ती खरंच बसली. गल्ली मुकी झाली. माझ्याच घरात काय चाललंय ते मला कळेना. भिंतीपलीकडून चाकाची घरघर तेवढी यायची, आणि मला वाटायचं, हरली बिचारी.

सुताचा मात्र ढीग पडू लागला. सुलतानाच्या कारखान्यासाठी कापड घेणारा माणूस आला. तो ढीग पाहून म्हणाला, "एवढं सूत? मग दर जुम्म्याला कापडाचं एक ठाण देशील?"

बुद्धनला आजवर कोणी एवढ्या अदबीने विचारलं नव्हतं. "का नाही?" तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो पहाटेच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसू लागला. दुपार झाली तरी पाय खड्ड्यातच. एके दुपारी खाला चाक थांबवून उठली.

"कुठे निघालीस?"

"तुझं उद्याचंही सूत झालं."

"अजून थोडं काढ की."

"काढते. विणणार कोण?"

बुद्धनने धोटा टाकला, परत झेलला. थांबायची सोय नव्हती. "खतीबसाहेब काय म्हणाले, विसरलीस?"

"चरख्याशी बसावं म्हणाले. चरखा निजला तरी बसावं का, ते विचारून येते."

खतीबसाहेबांचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. खाला विहिरीवरून, कुंभारवाड्यातून, सरायला वळसा घालून तिथे गेली. साहेब झोपले होते. मग रोजच विचारायला जावं लागलं.

संध्याकाळी खड्ड्यातून आवाज यायचा, "अम्मा, सरायत आज कोण बसलं होतं गं?"

"विण तू. सुताकडे लक्ष दे."

हातभर कापड झालं, की खाला सरायतल्या एका डावाची हकीकत सांगे. जिंकलं कोण, ते ठाण उतरल्यावर.