फुगा उद्या सुटणार होता

माळवली स्टेशनवर आबांचा निरोप घेताना मी एक मूर्खपणा केला. तो मूर्खपणा आहे हे तेव्हा कळलं नाही, कारण मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि त्या वयात मला सगळंच कळत होतं. दोन वेण्या, नवी सुटकेस, अमेरिकेतली शिष्यवृत्ती आणि चपलेला भातखाचरातला चिखल. अशी ही विदुषी!

आबांनी विचारलं, "तितं काय करनार म्हनं तू?"

झालं, मी सुरू. सूर्यावर मधूनच भडके उडतात. त्यांतून गॅमा किरण निघतात, पण हवा ते जमिनीपर्यंत पोचूच देत नाही. म्हणून दुर्बीण भल्याथोरल्या फुग्याला टांगून वर न्यायची. आबा नुसती मान हलवत होते. गाडी सुटली तशी मी दारातून ऐटीत ओरडले, "फुगा सोडायच्या आधी फोन करीन. त्या दिवशी तुमी बी सूर्याकडं बघा!"

म्हणायचं एवढंच होतं, की माझी आठवण काढा.

अमेरिकेत आमचा तळ एका वाळवंटी गावात होता. जमिनीवरचा वारा पडल्याशिवाय तो पातळ प्लास्टिकचा फुगा फुगवता येत नाही. रोज पहाटे आम्ही तयार, आणि रोज वारा. मी माळवलीच्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवायचे, उद्या. मग परत, आज नाही जमलं, उद्या.

आबा आंघोळ झाली की सूर्याला पाणी घालायचे आणि लगेच कामाला लागायचे. आता ते तांब्या खाली ठेवून तिथंच उभे राहू लागले, सूर्य विसापूर किल्ल्याच्या चांगला वर येईपर्यंत त्याच्याकडं टक लावून. लेकीनं सांगितलं होतं ना! तेव्हा आमच्याकडं रात्र असते, फुगा पेटीत घडी करून पडलाय, आणि भडका उडालाच तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे त्यांना कोण सांगणार? शहाणी तर अमेरिकेत.

अखेर फुगा सुटला. दुर्बिणीनं दिवसभर सूर्य पाहिला आणि सूर्यानं दिवसभर काहीही केलं नाही. आलेखावर नुसती सपाट रेघ.

सुट्टीत घरी आले, तर आबा माझ्याशी बोलताना गोठ्याकडं बघत होते. मला वाटलं, रागावलेत. आई म्हणाली, "रागावलं न्हाईत गं. समोरचं दिसत न्हाई त्यास्नी, कडंचं दिसतं. तुला बघायचं म्हनून तोंड फिरवलंय."

तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याचा पडदा मधोमध भाजलाय, आता भरून येणार नाही. मी रडले नाही. चहा प्यायले. कप विसळून पालथा घातला.

आता मी आजी आहे. सूर्यावर भडका उडाला की मोबाइल टिंग करून वाजतो. फुगे अजून सोडतात, वाऱ्याची वाट अजून बघतात. आमच्या भाजे गावात शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आमच्या खाचरात पार्किंग झालंय. माझ्यासारखे इकडे आलेले आणि तुम्ही तिकडे राहिलेले, दोघंही विचारता, घराची आठवण येते का? येते. पण मुंग्या आलेल्या पायाला कुणी हात लावावा तशी. हात दिसतो, लागत नाही. घर म्हणजे काय, तर मी 'उद्या' म्हटलं की कुणीतरी खरं मानून उन्हात उभं राहायचं. इथं मी 'उद्या' म्हटलं की लोक कॅलेंडर उघडतात.

त्या सुट्टीत मी परत निघाले, तेव्हा आबांनी तोंड बाजूला वळवून मला नीट बघून घेतलं आणि विचारलं, "मग, भडका झाला का?"

"न्हाई आबा. काईच न्हाई झालं."

आबा म्हणाले, "बरं झालं. म्हंजी माजं बी काय बघायचं ऱ्हायलं न्हाई."