आधी प्लगवर फुंकर

फ्रिज बिघडला की लोक आमच्याकडे फोन करतात आणि विचारतात, "वहिनी आहेत का?" दुकानाच्या पाटीवर नाव माझं, पत्रा लागून वण पडलेत ते माझ्या हातांवर, आणि मागणी वहिनींना. वहिनी म्हणजे माझी बायको. दूध ठेवण्यापलीकडे तिने आजवर एकही फ्रिज उघडलेला नाही.

हे सांगताना माझ्या पोटात दुखतं आणि ते मी लपवतही नाही. सुताराची बायको सुतारापेक्षा जास्त नावाजली तर सुताराला कसं वाटेल, ते त्यालाच विचारा.

सुरुवात माझ्या पायापासून झाली. स्कूटर घसरून पाय मोडला आणि मी प्लास्टरात अडकून खाटेवर पडलो. फोन स्वयंपाकघरात. मिस्त्री येणार नाहीत असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणं हिच्या जिवावर यायचं, म्हणून ती चार गोष्टी विचारत बसायची. हिला त्यातलं काय कळणार, असं मला वाटायचं. पण इतकी वर्षं जेवताना मी जी कुरकुर करत आलो, ती हिने ऐकली होती. एवढे जिने चढून गेलो तर प्लग ढिला. तिथे गेलो तर दारात पिशवीचं टोक अडकलेलं. मी बडबडून विसरून गेलो आणि हिने ते सगळं साठवलं. माझ्याच तक्रारींवर तिने आपलं दुकान थाटलं.

पहिल्या पहिल्यांदा ती सरळ विचारायची, "प्लग लागलाय का?" एक गृहस्थ भडकले. मी काय दूधखुळा आहे का, म्हणाले आणि फोन आपटला. मी खाटेवरून मनापासून हसलो. माझं हसू फार टिकलं नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून तिने भाषाच बदलली. "तुमचं बरोबरच असेल," ती म्हणायची, "पण प्लग एकदा काढा, पिनांवर फुंकर मारा आणि परत घट्ट बसवा. धूळ बसते हो कधी कधी."

त्या फुंकरीने काडीचाही फरक पडत नाही. पण फुंकर मारायची म्हणजे माणसाला वाकावं लागतं, फ्रिज सरकवावा लागतो, आणि मग त्याला दिसतं की प्लग अर्धा बाहेर लोंबतोय. तो फोनवर येऊन म्हणतो, "हो, धूळच होती." ही म्हणते, "असणारच." त्याची अब्रू शाबूत, फ्रिज चालू, आणि वहिनी म्हणजे साक्षात देवमाणूस.

खडखड आवाज येतो म्हटलं, तर फ्रिजच्या डोक्यावरचं सगळं उतरवून फडका मारायला सांगणार. वर ठेवलेला ताट-वाट्यांचा ढीग खाली आला की आवाज बंद. गार होत नाही म्हटलं, तर दाराचं रबर कोमट पाण्याने पुसायला सांगणार. पुसता पुसता माणसालाच बाहेर आलेलं डब्याचं झाकण सापडणार. कुणाला कधी म्हणून वाटत नाही, की आपण बावळट ठरलो.

घरातही तिचं हेच. मुलगी तान्ही असताना एकदा दुपारभर रडत होती. मी दवाखान्यात न्यायची पिशवी भरत होतो, रिक्षाही थांबवली होती. हिने तिचे मोजे काढले. आतला सुटलेला दोरा करंगळीला गुंडाळून बोट लालभडक झालं होतं. शेजारणी अजून ती गोष्ट सांगतात. रिक्षा कुणी थांबवली होती, ते कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. यंत्र उघडावं, त्याच्या पोटात शिरावं, मग निदान करावं. फोनवर फुंकरी मारून बरा होणारा फ्रिज मुळात आजारीच नसतो. हे मी तिला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला कापायचं कशाला?" मी जेवणातल्या मिठावर घसरलो.

माझा पाय बरा झाला, फोन तिच्याकडेच राहिला. मला एकच हवं होतं. एक तरी गिऱ्हाईक असं असावं, जे मला मागेल.

मागच्या गल्लीत लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी नवा दवाखाना काढला तेव्हा मी संधी साधली. फक्त माझा नंबर असलेली कार्डं छापून घेतली आणि पहिलं त्यांना नेऊन दिलं. घरच्या नंबरबद्दल अवाक्षर काढलं नाही.

एका दुपारी मी जेवायला बसलो असताना माझा फोन वाजला. "मिस्त्रीच बोलताय ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. काय गोड वाटलं म्हणून सांगू. बायकोने विचारलं, काय झालंय म्हणाल्या? मी म्हटलं, बघतो मी. अर्धं ताट सोडून पिशवी उचलली.

फ्रिज आतल्या खोलीत, वजनकाट्याच्या बाजूला होता. आत मुलांच्या लसी. सकाळी दार उघडलं तेव्हा दिवा लागला होता, पण दुपारी पाहिलं तर गारवा कमी झालेला. डॉक्टरबाईंनी बजावलं, आहे तेवढी थंडी टिकायला हवी, दार उघडू नका. मला काय, मी मागूनच शिरणारा. दिवा लागतो म्हणजे वीज आहे, असं धरून मी फ्रिज ओढला आणि मागचा पत्रा काढला. मोटर मुकी. तिला सुरू करणारा रिले बदलला, तरी मुकी. पुसट जळका वाससुद्धा मला येऊ लागला. मी उठलो, हात पुसले आणि सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, नवा उद्या येईल.

आणि तोवर लसी कुठे ठेवू, डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता. दुकानातला छोटा फ्रिज मागवतो म्हणून मी दाराबाहेर गेलो आणि घरी फोन लावला.

"अगं, दुकानातला छोटा फ्रिज टेम्पोत घालून पाठव. यांचा कॉम्प्रेसर गेलाय."

"पाठवते," ती म्हणाली. "तोवर एक कराल का? आतलं थंडीचं बटण एकदा शून्यावर न्या आणि परत वर आणा. अडकतं हो कधी कधी."

ते बटण अडकत नाही. हे मला ठाऊक, तिलाही ठाऊक. ही फुंकर होती. प्लग न बघता फोन करणाऱ्या माणसांना देते ती फुंकर माझी बायको मला देत होती.

"मला शिकवतेस?" मी म्हटलं.

"नाही हो. तुमचं बरोबरच असेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन बंद करून वळलो तर डॉक्टरबाई दारातच उभ्या. माझा आवाज मुळातच मोठा, आणि फोनमधला तिचाही त्यांच्यापर्यंत गेला असावा. बघू या ना एकदा, असं म्हणत त्यांनी दार उघडलं आणि वरच्या कप्प्यातली खोकी बाजूला केली. मागे बटण होतं, शून्यावर. सकाळी नर्सने नवी खोकी आत रेटली होती, त्यातल्या एकाच्या कोपऱ्याने ते फिरलं होतं. त्यांनी ते वर आणलं. मी मेलेली ठरवलेली मोटर माझ्या पायाशी घुरघुरू लागली.

"अडकलं होतं वाटतं," मी म्हणालो.

"असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी फोनवर कोण होत्या ते विचारलं. बायको, म्हटलं. त्यांनी तिचा नंबर मागितला.

मी आकडे सांगत गेलो आणि शेवटचा मुद्दाम चुकवला.

त्यांनी तिथेच लावून बघितला. कुणीतरी पुरुष बोलला, त्याची माफी मागून त्यांनी फोन ठेवला. "माझ्याकडूनच आकडा चुकला असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "परत सांगता का?"

मी परत सांगितला. या वेळी बरोबर.

"वहिनी का?" म्हणत त्या माझ्याकडे पाठ करून खिडकीशी गेल्या. मी फ्रिजमागे बसून पत्र्याचे स्क्रू आवळत ऐकत होतो. दोघी बराच वेळ बोलल्या, मधेच हसल्याही. माझा विषय एकदाही निघाला नाही.