एका छातीत दोन वेगळे कॅन्सर

"कॅन्सर दोन्ही फुप्फुसांत दिसतोय," नागपूरचे डॉक्टर म्हणाले.

मी सौंसरला शाळेत शिकवते. तंबाखूला कधी हात लावला नाही. तरी भेटायला येणारा जो तो आधी हेच विचारायचा, "मॅडम, खर्रा खात होत्या का?" उत्तर देऊन देऊन मी विटले.

उजव्या गाठीची बायोप्सी झाली, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासला. ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये म्युटेशन, म्हणजे बिघाड निघाला. नेमक्या त्याच बिघाडावर काम करणारी गोळी सुरू झाली. हीच टार्गेटेड थेरपी. तोंड आलं, नखांच्या कडा पिकल्या, खडू धरवेना. पण खोकला कमी झाला.

पुढच्या स्कॅनमध्ये उजवी गाठ आकसली होती. डावी वाढली होती.

"दोन्ही गाठी एकाच आजाराच्या नसाव्यात. डावीचीही बायोप्सी करू," डॉक्टर म्हणाले.

हे ऐकून पांढुर्ण्याहून मोठे दीर आले. "सुई लावली का कॅन्सर पसरते. जामसांवलीच्या हनुमानाले चाल, बाकी देवावर सोड." माझे यजमानही मान डोलावत होते. माझं डोकं सणकलं.

"जामसांवलीले येईन, भाऊजी. पण सुईही लावीन. छाती माझी हाय, अन् ठरवून तुम्ही राहिले!"

यजमान उठून अंगणात गेले. बायोप्सीच्या दिवशी मात्र गाडी त्यांनीच काढली.

रिपोर्ट येता येईना. फोन केला की, "अजून आला नाही." तोवर मला जिना चढताना धाप लागू लागली. शेवटी कळलं, डावीकडे एएलके नावाच्या दुसऱ्याच जीनचा बिघाड होता. म्हणजे कॅन्सर पसरला नव्हता. दोन स्वतंत्र कॅन्सर झाले होते, आणि डावीसाठी वेगळी गोळी लागणार होती.

"दोन्ही औषधं एकत्र देण्याचा अनुभव कमी आहे. जपून देऊ," डॉक्टर म्हणाले. लिव्हर बिघडलं, गोळ्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. नर्ससमोर मी रागानं रडले.

आज दोन्ही गाठी लहान आहेत, गेलेल्या नाहीत. गोळ्या किती काळ लागू पडतील, कुणी सांगत नाही. तुमच्याही स्कॅनमध्ये एक गाठ घटली आणि दुसरी वाढली, तर डॉक्टरांना विचारा, दोन्ही एकच आहेत का? विचारायला भिऊ नका.

परवा यजमानांनी विचारलं, "लई तरास होऊन राहिला का?"

एरवी मी "काही नाही" म्हणते. या वेळी म्हटलं, "हो. लई."

"बरं होईल" असं ते म्हणाले नाहीत. जवळ बसून राहिले. मला तेवढंच हवं होतं.