कुणाचंही पत्र घेणारा कॉम्प्युटर

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीत कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे होतं, कारण त्यावरची चार पुस्तकं मीच चाळली होती. ईमेलसाठी दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं, डेअरीचा स्वतःचा सर्व्हर उभा करू, ही मस्तीही माझीच.

तो बसवताना एक प्रश्न आला: कुणाकुणाची पत्रं पुढे पाठवायची? मला काही उमगेना. दूध उतरवून घेणारे तात्या शेजारी चहा पीत होते, त्यांनाच विचारलं.

"आलेला कॅन दारातनं परत धाडायचा न्हाय," तात्या म्हणाले. "आधी घ्यायचा, मग तपासायचा."

डेअरीची रीतच ती. मी लिहिलं, सगळ्यांची. तपासायचं मात्र राहून गेलं.

दोनेक महिन्यांनी माझ्या ईमेलच्या पेटीत हजारो इंग्रजी पत्रं येऊन पडू लागली. तुमचं पत्र पोचलं नाही. तुमच्याकडचं पत्र आम्ही घेत नाही. अरे, पण कुठलं पत्र? मी तर पाठवलंच नव्हतं! जगभरच्या भामट्यांना आमचं उघडं दार सापडलंय, टकलावर केस उगवायच्या औषधाच्या जाहिराती ते आमच्या नावानं धाडताहेत, म्हणून लोकांनी आमची पत्रं घेणंच बंद केलंय, हे कळायला मला फार उशीर लागला. तेव्हा नुसतं डोकं भणभणायचं. एक दिवस वैतागून ती सगळी पत्रं न वाचताच पुसून टाकली.

आमच्या प्रयोगशाळेत दूध तपासणारी एक मुलगी निमगाव केतकीहून रोज एसटीनं यायची. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी तिला लिहिलं होतं, संशोधनाला जागा आहे, काय काम करणार ते पुढच्या महिनाअखेरपर्यंत कळवा. तिनं चार रविवार खपून ते लिहिलं आणि माझ्याच टेबलावरून पाठवलं. मी तो ढीग पुसला त्याच आठवड्यात.

"दादा, आलं का काही?" ती रोज विचारायची.

"न्हाय अजून."

तिचं पत्र मी पुसलेल्या ढिगात परत आलं होतं, की पोचलं होतं आणि त्यांना पसंत पडलं नाही? मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. त्यांना पुन्हा लिही, एवढं तरी सांगायचं होतं. पण मग पत्रं न वाचताच पुसल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि मला लाज वाटली.

महिना उलटल्यावर तिनं विचारणं सोडलं. काचेच्या नळ्या विसळता विसळता म्हणाली, "माझंच काम कमी पडलं असंल, दादा."

मी म्हणालो, "असंल."