तोंडपाठ तक्ता

आता ही फजिती सांगू की नको, असं सकाळपासून चाललंय माझं. पण चहा ओतलाच आहे तर ऐका. फक्त आमच्या डॉक्टर मॅडमच्या कानावर जाऊ देऊ नका, की मी हसत हसत सांगत होते!

मी धुळ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात सिस्टर. वीस वर्षं एकच काम. लोकांना तक्त्यासमोर बसवायचं, एक डोळा झाकायला लावून अक्षरं वाचून घ्यायची, आणि मोतीबिंदू निघाला की ऑपरेशनला तयार करायचं.

आणि खरं सांगू? गेल्या वर्षापासून माझ्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मग मी काय केलं? गुपचूप नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात नंबर लावला! आमच्याकडे सगळे असेच हो. मशीन झकास, मॅडमचा हात हलका, हे गावोगाव छातीठोकपणे सांगायचं. स्वतःचा डोळा म्हटला की नाशिक!

तर शिंदखेड्याकडचे एक उत्तमनाना. सत्तरीचे, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, आणि तीनदा ऑपरेशनच्या दिवशी पळालेले. आणखी उशीर केला तर नजर जाईल, असं मॅडमनी बजावलं होतं. चौथ्यांदा मी त्यांना कसंबसं आणलं, तर तपासणीच्या खोलीत आल्यावर अडून बसले.

"बाई, तू सोता आठे डोया दखाडस का?"

"म्हणजे काय नाना! माझे डोळे मी इथंच दाखवते, नेहमी!" मी ठोकून दिलं.

"मंग आते दखाड. मना समोर."

झाली का पंचाईत! पण मी कशाला घाबरतेय? तक्ता मला तोंडपाठ. स्टुलावर ऐटीत बसले, डावा डोळा झाकला, समोरच्या भिंतीवर जे काय पांढरट धुकं दिसत होतं त्याच्याकडे बघितलं आणि सुटले. पहिली ओळ, दुसरी ओळ, थेट शेवटची बारीक ओळ! मग उजवा झाकून पुन्हा सगळं. वर नानांना म्हटलं, "बघा! याला म्हणतात नजर!"

मॅडम एकदा भिंतीकडे बघतायत, एकदा माझ्याकडे.

नाना उठले, चाचपडत भिंतीपाशी गेले. "ओ माय! आठे तं कोना तरी सदरा टांगेल शे!"

अहो, सकाळीच खोली रंगवायला काढली होती. तक्ता उतरवून कपाटामागे ठेवलेला, आणि त्याच खिळ्याला रंगाऱ्यानं आपला सदरा अडकवलेला. मी तो सदरा वाचून दाखवला होता. दोनदा!

"माले दखास नही, ते मी कबूल तरी करस," नाना पिशवी उचलत म्हणाले. "तू तं सदरा वाचस! मी चालनू."

मी घाबरून सगळं ओकून टाकलं. मोतीबिंदू, नाशिक, नंबर, सगळं! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, मग इथं आपण रोज काय करतो? भरीत भाजतो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नाना दारातून वळले. "तू करशी तं मी बी करसू. दोन्ही संगे."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं एकाच बाकावर. अंगात तसाच हिरवा झगा, कपाळावर तशीच पट्टी. माझं ब्लडप्रेशर बघितलं तर एवढं चढलेलं, की मॅडमना मशीनच बिघडलंय असं वाटलं. तिसऱ्या मशीननंतर म्हणाल्या, "सिस्टर, आज तुमचं नाही."

आणि नाना? नाना मुकाट्यानं आत गेले आणि एका डोळ्यावर पट्टी बांधून डुलत डुलत बाहेर आले!

दुसऱ्या दिवशी त्यांची पट्टी सुटली. नाना खिडकीतून समोरच्या निंबावरचे कावळे मोजत बसले. तेवढ्यात मॅडम नव्या तारखेचा संमतीचा कागद घेऊन माझ्यासमोर उभ्या. "मॅडम, पुढच्या महिन्यात बघू... घरी विचारते... जरा खोकला पण आहे," माझं सुरू झालं.

कावळे सोडून नाना माझ्याजवळ आले, पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नको बेटा. मी शे ना आठे बठेल."

मी पेन उघडलं. कागदावर झुकले. आणखी झुकले. सही कुठं करायची ते काही दिसेना. शेवटी आयुष्यभर अंगठा उठवत आलेल्या नानांनीच नेमक्या ओळीवर बोट ठेवलं.

"हाई दख, आठे कर."