वाढत्या अंगाचं इंजिन

कात्रीताईंना तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की कात्री. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दोन्हींतलं दुसरं नाव त्यांना जास्त आवडायचं. एक तर त्या शिवणकाम करायच्या. शिवाय त्यांची जीभ. कापड आणि माणूस, दोघांनाही त्या एकाच दमात सरळ रेषेत कापत.

शाळेचे गणवेश ही त्यांची खासियत, आणि त्यातही माया. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, पोर वाढलं की उसवून सोडायचं. ताई इतकी माया ठेवत की पहिलीतला फ्रॉक चौथीपर्यंत जाई आणि मग धाकट्या बहिणीकडे. "वाढत्या अंगाचं शिवा हं," असं सांगणारी नवखी आई आली की ताई चष्म्यावरून बघत. माशाला पोहायला शिकवताय का, असा अर्थ त्या बघण्यात असे.

तर अशा या ताईंच्या शिवणाच्या खोलीत दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि एकोणीस अर्धवट फ्रॉक यांच्या मधोमध तीन महिने एक मोटरसायकल सांडलेली होती. उभी नव्हे, सांडलेली. चाकं खिडकीखाली, टाकी कपाटावर, आणि कापायच्या टेबलावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं इंजिन, तान्ह्या बाळासारखं. माप द्यायला आलेल्या बाईला आधी मडगार्ड ओलांडावं लागे, मग कंबर सांगावी लागे.

मोटरसायकल आप्पांची. आप्पा म्हणजे ताईंचे वडील, वय वर्षं चौऱ्याऐंशी, राहायला ताईंकडेच. गावोगावच्या थिएटरांचे प्रोजेक्टर दुरुस्त करत एकतीस वर्षं ते त्या गाडीवर हिंडले, मग गुडघे बसले, आणि गाडीही मागच्या शेडमध्ये बसली ती वीस वर्षं उठलीच नाही.

तिला उठवलं ताईंच्या धाकट्या भावानं, पण वेगळ्याच कारणासाठी. धाकट्याचं हॉटेल होतं आणि हॉटेलात एक भली मोठी रिकामी भिंत. एके दिवशी तो मोजपट्टी घेऊन शेडमध्ये शिरला आणि हात झटकत बाहेर आला.

"आप्पा, ही मी नेतो. भिंतीवर लावतो, वरून पिवळे दिवे सोडतो. लोक खाली बसून फोटो काढतील."

"भिंतीवर?" ताई म्हणाल्या. "मोटरसायकल आहे ती, पाल नव्हे."

"इथे तरी काय होतंय तिचं? गंज चाटतेय नुसती."

"मी चालू करीन."

"तू?" धाकटा मनापासून हसला. "ताई, तिला सुईत दोरा ओवून नाही चालू करता येत."

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. लहानपणी ताई त्या गाडीच्या टाकीवर बसत आणि मोठ्या झाल्यावर मागे. पुढे कधीच नाही. धाकट्याला मात्र सोळावं लागताच आप्पांनी हँडल हातात दिलं. आठवड्याच्या आत त्यानं गाडी कुंपणात घातली आणि त्यानंतर चार चाकांहून कमी असलेल्या कशावरही कधी बसला नाही. "मग मला द्या," असं ताई तेव्हा म्हणाल्या होत्या. "तुला कशाला," असं आप्पा म्हणाले होते. ते दोन शब्द ताईंनी चाळीस वर्षं जपून ठेवले होते, शर्टाचं तुटलेलं बटण जपतात तसे. लावायचं राहिलेलं.

आप्पांनी दोघांकडे पाहिलं आणि प्रोजेक्टरचा दिवा बदलावा तितक्या शांतपणे निकाल दिला. "चालती गाडी टांगणं पाप आणि बंद गाडी सांभाळणं मूर्खपणा. तीन महिने देतो. हिनं गाडी चालू करून, मला मागे बसवून, कोपऱ्यापर्यंत जाऊन गेटशी परत आणली, तर गाडी हिची. नाहीतर भिंत."

झालं. ताईंनी कंबर कसली.

कामाची एकच पद्धत त्यांना येत होती, ती त्यांनी गाडीला लावली. सुटा केलेला प्रत्येक भाग टेपनं मोजला, खडूनं खूण केली, कापडी पिशवीत घातला आणि पिशवीला चिठ्ठी टाचली, जशी गिऱ्हाइकाच्या कपड्याला टाचतात तशी. "डावा खांदा, आतले स्क्रू, चार." "कंबरपट्टा, पुढचा." घरात पाहुणं कोणी आलं तर वाटावं, कुणा तरी फार अवघड अंगाच्या माणसाचा सूट शिवायला घेतलाय.

मदतीला नवरा. तो छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासून निवृत्त झालेला. त्याच्याकडे गाडीची पुस्तिका वाचून दाखवायचं काम होतं आणि ते तो लाल पेन्सिल हातात घेऊन करायचा.

"अहो, वाचा ना पुढे."

"'नट घट्ट करा नंतर सैल करा.'"

"म्हणजे?"

"तेच तर. स्वल्पविराम खाल्लाय. 'घट्ट करा, नंतर सैल करा', की 'घट्ट करा नंतर, सैल करा'? पहिल्यात शेवटी सैल, दुसऱ्यात आधी सैल."

"लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल?"

"ज्याला स्वल्पविराम देता येत नाही, त्याला काही म्हणायचा अधिकारच नाही."

ताईंनी नट अर्धा घट्ट केला. वाद मिटला.

आप्पा हे सगळं आरामखुर्चीतून बघत, पण ताकास तूर लागू देत नसत. "आप्पा, ही स्प्रिंग अशीच ना?" असं विचारलं की ते वर्तमानपत्र उंच धरत. "परीक्षक पेपरात डोकावत नाही." मात्र ताईंनी तपकिरी रेक्झिनची सीट दुहेरी शिवणीनं, कडेला पायपिंग देऊन शिवली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली घेऊन तिच्यावरून दोनदा हात फिरवला.

"एवढी पक्की शिवण तुमच्या लग्नातल्या कोटालाही नव्हती," ताई नवऱ्याला म्हणाल्या.

"म्हणूनच तो लग्नातच उसवला."

अडलं ते पॅकिंगवर. दोन धातूंच्या मधे बसवायचे जाड कागदाचे तुकडे ते, नाहीतर फटीतून तेल गळतं आणि हवा शिरते. स्पेअर पार्टच्या दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून हात जोडले. "ताई, या गाडीचं पॅकिंग सोडा, या गाडीचे मालकसुद्धा आता मिळत नाहीत." मग ताईंनी पॅकिंगचा कोरा तावच आणला. टेबलावर पसरला, धातूचा तुकडा वर ठेवला, कडेनं खडू फिरवला आणि कात्री चालवली. अकरा पॅकिंगं एका दुपारी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हात आपल्या ओळखीचं काम करत होते, त्यामुळे ताई गाणं गुणगुणत होत्या आणि डोकं विश्रांती घेत होतं. हे शेवटचं लक्षात ठेवा.

मुदतीचा रविवार उजाडला. दहाच्या ठोक्याला धाकटा टेम्पो घेऊन हजर. बरोबर टेम्पोवाला आणि चार दोरखंड.

"बारापर्यंतच आहे हां टेम्पो," धाकटा म्हणाला. "त्याला पुढे कुणाचं तरी कपाट हलवायचंय."

"मग आधी कपाट हलवा," ताई म्हणाल्या.

गाडी गेटबाहेर उभी होती, शेजारी आरामखुर्ची टाकून आप्पा. काळी, चकचकीत, अंगावर चपखल बसलेल्या कोटासारखी. ताईंनी नवऱ्याची जुनी पँट घातली होती आणि दोन्ही बुटांच्या टोकांवर खडूनं लिहिलं होतं, उजव्यावर "गिअर", डाव्यावर "ब्रेक". कारण दूधवाल्याच्या ज्या मोटरसायकलवर त्या तीन महिने सकाळी मैदानात शिकल्या, तिचं सगळं उलट होतं.

पहिली किक, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीला गाडीनं नाक शिंकरल्यासारखं केलं. चौथीला ती बोलली. धग, धग, धग, धग. आप्पांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. नवऱ्यानं टेम्पोवाल्याला मिठी मारली आणि मग ओळख नसल्याचं लक्षात येऊन सोडली.

ताईंनी हलकेच मूठ पिळली. गाडीनं आवंढा गिळला, एकदा खोकली आणि गप्प.

पुन्हा किक. पुन्हा धग, धग. मूठ पिळली, खोकला, गप्प. पुन्हा. पुन्हा. सावकाश चालायला तिची ना नव्हती, पण जरा पळ म्हटलं की गुदमरायची. ताईंनी प्लग काढून पुसला, पेट्रोल बघितलं, वायर हलवून पाहिली. नवऱ्यानं पुस्तिकेतलं एक अख्खं प्रकरण खड्या आवाजात वाचलं आणि त्यात सात चुका काढल्या. साडेअकरा वाजले. धाकट्यानं एक दोरखंड उलगडला.

"आप्पा, काहीतरी सांगा," ताईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. ही आता भिंतीवर जाणार, पिवळ्या दिव्यांखाली, आणि लोक तिच्याखाली तोंडं वेडीवाकडी करून फोटो काढणार.

आप्पांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. पण सांगावंसं फार वाटत होतं, खुर्चीचे हात दाबून दाबून त्यांची बोटं पांढरी झाली होती.

धाकटा दोरी हातात घेऊन इंजिनाभोवती फिरला आणि कार्ब्युरेटरपाशी वाकला. "ताई, ही काय झालर लावलीस?"

"कसली झालर?"

"ही बघ. कागद बाहेर आलाय सगळीकडून, बोटभर." त्याला हसू आवरेना. "इंजिन वाढत्या अंगाचं आहे का गं? पुढच्या वर्षी उसवून मोठं करणारेस?"

टेम्पोवाला हसला. आप्पा छताकडे बघायला लागले, आणि गेटबाहेर छत नव्हतं.

ताई हसल्या नाहीत. त्या धाकट्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"काय झालं? चेष्टा केली गं."

"परत म्हण."

"काय?"

"वाढत्या अंगाचं म्हणालास ना." ताई खाली बसल्या होत्या, पान्हा हातात आला होता. "माया ठेवली मी. पॅकिंगला माया ठेवली."

"बाहेर आलीये तर येऊ दे, तिनं काय बिघडतंय?" नवरा म्हणाला.

"बाहेरची नाही हो. मधलं भोक मी गळ्यासारखं कापलं. आणि गळ्याची माया कुठे ठेवतात?"

तीस वर्षं शिवणाच्या खोलीशेजारी काढलेल्या माणसाला हे येत होतं. "आत," तो म्हणाला, आणि पुस्तिका मिटली.

कार्ब्युरेटर सुटला. पॅकिंग बाहेर आलं. मधलं भोक हवं त्याच्या निम्मं, आणि कडेचा कागद आत ओढला जाऊन चुण्या पडलेला. गाडीनं मोठा श्वास घेतला की तोच कागद तिच्या घशात जाऊन बसत होता. ताईंनी घरातून कात्री आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा माया कापून टाकली, सगळी, रेषेला रेष.

धाकट्याच्या डोक्यात आता प्रकाश पडला. "एक मिनिट. म्हणजे मीच सांगितलं का तुला?"

"तूच सांगितलंस. उपकार झाले."

"मी शब्द परत घेतो."

"दिलेलं माप परत घेत नाही आम्ही."

बाराला सात मिनिटं कमी असताना ताईंनी किक मारली. दुसऱ्याच किकेला गाडी धगधगली. ताईंनी मूठ पिळली. गाडी गुरगुरली, आणखी पिळली तशी गर्जली, समोरच्या घराच्या खिडक्या थरथरल्या आणि एक मांजर कुंपणावरून जे उडालं ते दिसेनासं झालं. ताईंना हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

"बसवा मला," आप्पा म्हणाले.

आप्पांना बसवणं हा वेगळाच सोहळा होता. नवऱ्यानं बगलेत हात घातले, टेम्पोवाल्यानं पाय उचलला. "डावा हो, डावा." "हाच डावा." "माझा डावा, तुमचा नव्हे." शेवटी आप्पा बसले, लेकीचे दोन्ही खांदे धरले, आणि ताईंनी बुटांकडे एकदा वाचल्यासारखं बघून गिअर टाकला.

गाडी एक हिसका देऊन निघाली. मागून नवरा थोडा पळाला, कारण पळाल्याशिवाय त्याला राहवेना. वारा पँटमध्ये शिरून ती फुग्यासारखी फुगली. कोपरा आला, ताईंनी गाडी झुकवून माघारी वळवली, आप्पा बरोबर तेवढेच झुकले, आणि गाडी सरळ गेटाच्या दिशेनं आली. धाकटा हातात दोरी घेऊन उभा होता, तोंड उघडं.

"गेट आलं, आप्पा. थांबते."

"कशाला? चढायला दोन माणसं लागली. उतरायला तीन लागतील, आणि टेम्पोवाल्याला बाराला जायचंय."

गाडी गेटासमोरून तशीच पुढे गेली.

"ताई, थांब ना," धाकटा ओरडला. मग भावजींकडे वळला. "आता ती परत आली असं धरायचं की नाही?"

"आली की," नवरा म्हणाला. "तुमच्या समोरूनच गेली."

"मी भिंतीत खिळे मारलेत हो."

पुढे काय बोलणं झालं ते ताईंना ऐकू आलं नाही. रस्ता संपून चौक दिसायला लागला होता. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला गावाबाहेर जाणारा लांब, मोकळा रस्ता.

"आप्पा, डावीकडे घेऊ की उजवीकडे?"

"गाडी कुणाची आहे?"

इंजिन धगधगत होतं.

"माझी."

"मग तूच ठरव," आप्पा म्हणाले आणि खांदे जरा घट्ट धरले.

ताईंनी लांबचा रस्ता धरला.